चैतन्य, ग्रेनोबलला निघण्याआधी

पॅरिस

चि. चैतन्य,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, मी सामान मशीनवर स्वतःच स्कॅन करून पैसे भरीन, म्हणजे कुणाशी बोलायलाच नको." अरे, मग पुण्यात फ्रेंचचा क्लास लावलास तो कशासाठी? तुझा अभ्यासक्रम सगळा इंग्रजीत. खोलीतली मुलंही इंग्रजीच बोलणार. फ्रेंच बोलायची वेळ येणार ती भाजी घेतानाच. तेव्हा निदान भाजी तरी बाजारातून आण. ग्रेनोबलला स्टेशनपासून जवळच, रेल्वेपुलाखाली, एस्ताकादचा बाजार भरतो. मी इथे पालिकेच्या संध्याकाळच्या वर्गाला जाते, क्रियापदं तिथे घोकते. पण कान तयार केला तो इथल्या आलिग्र बाजारातल्या भाजीवाल्यांनी.

गेल्या गेल्या आधी 'बोंजूर'. ते न म्हणता एकदम भाव विचारलास तर तो उद्धटपणा समजतात, मग उत्तरही तसंच येतं. नंतर हात मागे! टोमॅटो दाबून बघायचे, भेंडीचं टोक मोडून बघायचं ही आपली खोड इथे चालत नाही. बऱ्याच गाळ्यांवर माल विकणाराच निवडून देतो. खरबूज मागितलंस तर विचारेल, आज रात्री खाणार की उद्या? आणि त्या बेताने पिकलेलं काढून देईल. मला ही रीत फार आवडली. मंडईत आपल्याला एवढं कोण विचारतं! अर्धा किलो हवं तर 'उन लीव्र' म्हण, कोथिंबिरीची जुडी म्हणजे 'उन बोत'. प्रत्येक जिन्नस दिला की 'अवेक सेसी?' असं काहीतरी भर्रकन कानावरून जाईल. अजून काय देऊ, एवढंच तो विचारतोय. घेऊन झालं असेल तर 'स सरा तू, मेर्सी'. एवढ्या भांडवलावर सुरुवातीचे दिवस सहज निघतात.

खरी दमछाक आकड्यांची. सत्तरला 'साठ-दहा', ऐंशीला 'चार-वीस', पंच्याण्णवला 'चार-वीस-पंधरा'. आणि ते सुट्टे पैसे मोजता मोजता बोलतात. पण तुझी पणजी आठव. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, नारळ असेच मोजायची: तीन विसा, चार विसा, पाच विसा म्हणजे शंभर. तिच्या हिशेबाने गेलं की हे पटकन बसतं. तरी नाहीच कळलं तर काट्यावरचा आकडा बघ, त्यात लाज कसली?

दूध, पीठ यांसाठी सुपरमार्केट आहेच. दूध फ्रिजमध्ये शोधत बसू नकोस, बहुतेक बाटल्या साध्या फळीवर असतात. लाल झाकणाचं सायीचं, निळं अर्ध्या सायीचं, हिरवं बिनसायीचं. चहाला लालच घे. 'ले फेरमांते' म्हणजे जवळजवळ आपलं ताकच. 'फ्रोमाज ब्लाँ' रात्रभर फडक्यात टांगलंस की चक्का तयार. पाडव्याला मी त्याचंच श्रीखंड केलं, बाबांनी नाव ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही. पिठाच्या पुड्यावर ५५, ११०, १५० असे आकडे असतात. आकडा मोठा तितका कोंडा जास्त. ५५ म्हणजे जवळपास मैदा. नुसत्या १५० च्या पोळ्या लाटताना कडेने फाटतात, म्हणून मी ११० आणते.

तू मांस खात नाहीस, तेव्हा पाकीट उलटून वाचल्याशिवाय काही घेऊ नकोस. 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ते भाजीच्या सॅलडमध्येही निघतात. गोळ्या-चॉकलेटांत, गोड पदार्थांत 'जेलातिन' बघ, ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. चीजवर 'प्रेझ्यूर', म्हणजे दूध गोठवायला घालतात ते, लिहिलेलं असेल तर ते वासराच्या जठरातलं असू शकतं. तारखाही दोन तऱ्हेच्या असतात: 'द प्रेफेराँस' हे शब्द असतील तर तारीख उलटली तरी बिस्किटं फेकायची गरज नाही, ते नसतील तर मात्र दिवस पाळ. आणि रविवारी दुपारनंतरवर काही ठेवू नकोस, बरीच दुकानं बंद होतात.

कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, भेंडी इथे ला शापेल भागातल्या तमिळ दुकानांत मिळते. सुट्टीला आलास की भरून देईन.

आजीला मात्र आत्ताच सांगून ठेव, तूप आणि पेढे बांधायचे नाहीत. बाहेरून युरोपात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ती ऐकणार नाही, पण तू बॅग स्वतः भर. तूप इथे लोणी आणून कढवता येतं. फक्त 'बर दू' बघून घे. 'दमी-सेल' खारं असतं, ते नको. गोडा मसाला तेवढा दोन पुड्या आण, एक माझी.

तुझी,
आई