शैक्षणिक तंत्रज्ञान समितीने आधी प्राध्यापकांना वेळ मिळवून द्यावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांतील शैक्षणिक तंत्रज्ञान समितीचा वार्षिक अहवाल हाती घेतला की किती वर्गांत डिजिटल फळे बसले, ऑनलाइन अध्यापनाच्या कोणत्या संगणक प्रणालीचा परवाना घेतला आणि किती प्राध्यापकांनी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवले, याची आकडेवारी त्यात हमखास आढळते. अशा एका समितीचा मी सहा वर्षे सदस्य होतो आणि त्या काळात वर्गात शिकवतही होतो. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की प्राध्यापकाला सर्वांत जास्त गरज असते ती मोकळ्या वेळेची, आणि समितीच्या ठरावांत नेमका तिचाच उल्लेख नसतो.

वेळ का लागतो, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. तासाभराचे व्याख्यान चित्रित करून संकेतस्थळावर चढवणे एका दुपारचे काम आहे. पण तसे व्याख्यान विद्यार्थी शेवटपर्यंत पाहत नाहीत. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे 69 लाख पाहणीसत्रांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा मिनिटांपेक्षा लहान चित्रफिती विद्यार्थी अधिक टिकून पाहतात असे दिसून आले. याचा अर्थ, त्याच व्याख्यानाचे दहा-बारा तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला स्वतःची सुरुवात आणि शेवट द्यायचा, मध्ये विचारायचे प्रश्न रचायचे आणि विद्यार्थी चित्रफीत पाहून वर्गात आल्यावर त्या तासाला काय करायचे, हेही नव्याने ठरवायचे. हे काम म्हणजे अभ्यासक्रमाची पुनर्रचना आहे. आठवड्याचा पूर्ण कार्यभार, परीक्षेचे काम आणि संशोधन सांभाळून उरलेल्या रात्रींत ते होत नाही. झालेच तर एका विषयापुरते होते आणि पुढच्या सत्रात थांबते.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझुर यांचे उदाहरण मला येथे महत्त्वाचे वाटते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून संकल्पनेवर एक प्रश्न विचारण्याची पद्धत रुजवली. विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर देतात, मग शेजाऱ्याशी चर्चा करतात आणि पुन्हा उत्तर देतात. पुढे या पद्धतीबरोबर उत्तरे नोंदवणारी हातातील यंत्रे जगभर खपली. परंतु हीच पद्धत अक्षरे लिहिलेली कार्डे उंचावूनही चालते. अवघड भाग आहे तो प्रश्नाचा. निम्मा वर्ग ज्यावर अडखळेल आणि चर्चेनंतर ज्याचे उत्तर सापडेल, असा प्रश्न रचण्यासाठी विद्यार्थ्यांच्या चुकांचा बारकाईने अभ्यास करावा लागतो. समिती दोनशे यंत्रे एका ठरावात मंजूर करू शकते. तसे चाळीस प्रश्न मात्र ज्याने तो विषय वर्षानुवर्षे शिकवला आहे, त्यालाच लिहावे लागतात.

म्हणून समितीने एखाद्या प्राध्यापकाचा प्रस्ताव स्वीकारताना त्याला त्या सत्रापुरती एका विषयाच्या कार्यभारातून सवलत मिळवून द्यावी, असे मी आग्रहाने मांडतो. कार्यभार विभागाच्या अखत्यारीत येतो, समितीच्या नाही, हा आक्षेप मी बैठकांत अनेकदा ऐकला आहे आणि तो खरा आहे. त्यावर उपाय असा, की अर्जावर विभागप्रमुखांची लेखी संमती आधीच घ्यावी आणि त्या तासिका घेणाऱ्या बदली शिक्षकाचे मानधन समितीच्या निधीतून द्यावे. एखादा महागडा परवाना कमी घेतला तर त्या रकमेत असे काही प्राध्यापक नक्कीच सामावतील.

वेळेइतकीच गरज सोबतीची असते. प्राध्यापकाला विषय कळतो. अध्यापनाची मांडणी जाणणारी आणि प्रणालीची तांत्रिक बाजू सांभाळणारी व्यक्ती त्याच्या शेजारी बसली, तर पंधरवड्याचे काम दोन दिवसांत उरकते. सभागृहात शंभर जणांना एकाच वेळी दिलेले प्रशिक्षण ही सोबत देऊ शकत नाही, कारण खरी अडचण आठवड्याभराने, स्वतःची प्रश्नपेढी उघडल्यावर येते.

खरेदी टाळता येत नाही, हे मान्यच आहे. पण तिथेही समितीने प्राध्यापकाच्या बाजूने उभे राहायला हवे. आमच्या ओळखीतल्या एका विभागाने चार वर्षे खपून एका व्यावसायिक प्रणालीत चाचण्यांचे प्रश्न साठवले होते. परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही, आणि ते प्रश्न दुसरीकडे नेता येतील अशा स्वरूपात बाहेरच काढता येईनात. ज्या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांतले बहुतेक प्रश्न लिहिले होते, त्यांनी पुन्हा कोणत्याही प्रणालीला हात लावला नाही, आणि मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. सामग्री खुल्या प्रमाणित स्वरूपात निर्यात करता येते का, हा प्रश्न समितीने कराराआधी विचारला असता तर हे नुकसान टळले असते. 2002 पासून उपलब्ध असलेल्या मूडलसारख्या मुक्तस्रोत (जिचा संगणकीय आराखडा सर्वांना खुला असतो अशा) अध्यापन प्रणालीचा विचारही याच निकषावर व्हावा. ती विनाशुल्क मिळते, एवढे कारण पुरेसे नाही, कारण तिची देखभाल करणारी माणसे लागतातच.

दृष्टिहीन आणि श्रवणबाधित विद्यार्थ्यांचा विचार तर तक्रार आल्यावरच होतो, ही मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट आहे. छायाप्रत काढून चढवलेली टिपणे स्क्रीन रीडरला (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनाला) वाचता येत नाहीत, कारण त्याच्या लेखी ते एक चित्र असते. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर सामान्य मजकुरासाठी किमान 4.5 : 1 असावे, चित्रफितींना उपशीर्षके असावीत, हे आंतरराष्ट्रीय निकष अनेक वर्षांपासून प्रसिद्ध आहेत. सत्र सुरू होण्यापूर्वी प्राध्यापकाची सामग्री तपासून दुरुस्त करून देणारा एक जाणकार समितीने नेमला, तर हा भार एकट्या प्राध्यापकावर पडणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत समितीला नकार देण्याचे धैर्यही दाखवावे लागेल. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यावर यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचा दावा करणारी साधने विद्यापीठांपुढे येऊ लागली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे साधन जानेवारी 2023 मध्ये आणले आणि अचूकता कमी असल्यामुळे त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. अशा साधनाच्या एका आकड्यावरून विद्यार्थ्याला दोषी ठरवण्याची वेळ प्राध्यापकावर येऊ नये, म्हणून समितीने स्पष्ट लेखी धोरण द्यावे आणि लेखनाचे कच्चे मसुदे, तोंडी चर्चा अशा मूल्यमापनाच्या पद्धती बसवण्यासाठी त्याला मदत करावी.

माझी विनंती एवढीच आहे, की विद्यापीठांनी पुढच्या अहवालात समितीने किती प्राध्यापकांना किती तासांची सवलत मिळवून दिली, त्यांतून कोणते विषय बदलले आणि कोणते प्रयोग फसले, याची नोंद परवान्यांच्या यादीच्या आधी छापावी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक