क्षमा म्हणजे न्याय सोडणे नव्हे

महोदय,

आमच्या मंडळीचे क्षमेवरील दोन दिवसांचे शिबिर नुकतेच पाचगणीत झाले. १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे पती ग्रॅहम आणि दोन मुलगे जाळून मारले गेल्यानंतरही मारेकऱ्यांना क्षमा करून बारीपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिलेल्या ग्लॅडिस स्टेन्स यांचा विषय निघाला, तेव्हा सभागृह निःशब्द झाले. त्यांच्या क्षमेने खटला थांबला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण घराघरांत क्षमेच्या नावाखाली अन्याय सोसणाऱ्यालाच गप्प बसवले जाते. बांधाच्या वादावरून नऊ वर्षे अबोला धरलेल्या माझ्या चुलत भावाने रविवारी पंगतीत माझ्या ताटात मुकाट्याने भाकरी वाढली. मोजणीचा अर्ज मी मागे घेतलेला नाही. मात्र संध्याकाळी आम्ही एकाच एसटीने गावी परतलो.

– एक वाचक, सातारा