काशाच्या वाडग्यांची शिकवणी

पाटण, नेपाळ
२० फेब्रुवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पितळेची भांडी बडवायला नेपाळपर्यंत जायची काय गरज होती, असे तू विचारले आहेस. पहिली दुरुस्ती ही की ज्यांना इंग्रजीत ‘सिंगिंग बोल’ म्हणतात आणि जी वाजवायला मी इथे शिकतो आहे, ती वाडग्यासारखी भांडी पितळेची नव्हेत, काशाची आहेत. उन्हाळ्यात आजी तळपायाला तूप लावून जी वाटी घासायची, तिच्याच जातीची. साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील. इथले दुकानदार सप्तधातू आणि सात ग्रहांची कथा सांगून किंमत चढवतात, परंतु तपासलेल्या वाडग्यांत मुख्यतः हे दोनच धातू निघाले आहेत. एवढे कथील असलेला धातू गार असताना ठोकला तर तडकतो, म्हणून कारागीर तो लाल होईपर्यंत तापवून घण घालतात, आणि रंग उतरला की पुन्हा भट्टीत सारतात.

शिकवणीचे पहिले चार दिवस माझी फजितीच झाली. वाडगा उघड्या तळहातावर ठेवायचा, बोटे त्याच्या अंगाला लागू द्यायची नाहीत, आणि चामडे गुंडाळलेला लाकडी दांडा काठावरून एकाच दाबाने फिरवायचा, एवढेच काम. पण स्वर येत नाही असे वाटले की मी वेग वाढवायचो, आणि दांडा काठावर टरटर वाजू लागायचा. आमचे शिकवणारे दाइ (इथे थोरल्या भावाला दाइ म्हणतात, मी पत्रात लिहिल्यावर आईला भलतेच वाटले) दर वेळी माझे मनगट धरून ठेवत आणि हात खांद्यापासून फिरवायला लावत. व्हायोलिनचा गज तारेला जसा धरतो आणि सोडतो, तसाच दांडा काठाला धरत-सोडत जातो. म्हणून घाईपेक्षा दाब महत्त्वाचा. पाचव्या दिवशी स्वर उमटला आणि तो आधी कानाला नव्हे, तळहाताला कळला.

तू भजनात टाळ धरतोस, म्हणून पुढची गोष्ट तुला चटकन कळेल. टाळाच्या दोन वाट्यांचे स्वर किंचित वेगळे असले की नाद हेलकावत जातो. हाताने ठोकलेला वाडगा कधीच अगदी गोल किंवा सारख्या जाडीचा नसतो, त्यामुळे त्या एकट्याच्याच अंगात एकमेकांना चिकटून असलेले दोन स्वर असतात आणि तोच हेलकावा ऐकू येतो. यंत्रावर घासूनपुसून काढलेल्या वाडग्यात तो फार कमी असतो. म्हणून विकत घेताना मी आता नक्षी पाहत नाही. गादी लावलेल्या लहान हातोडीने (मॅलेटने) एकदा हलके वाजवतो आणि नाद पूर्ण विरेपर्यंत थांबतो, दुकानदार कितीही अस्वस्थ झाला तरी.

हे थांबणे मला सत्रातच, म्हणजे निजलेल्या लोकांना शांत वाटावे म्हणून वाडगे वाजवतात त्या बैठकीत, नीट शिकावे लागले. सरावाच्या पहिल्या सत्रात आठ जण चटईवर निजले होते. मी उत्साहाच्या भरात सर्वांत मोठा वाडगा एका बाईंच्या डोक्यापाशी जोरात वाजवला आणि त्या दचकून उठून बसल्या. तेव्हापासून मोठा वाडगा पायांकडे ठेवतो, पहिला ठोका जेमतेम ऐकू येईल इतका हलका देतो, आणि आधीचा नाद विरल्यावाचून दुसऱ्याला हात लावत नाही. पेसमेकर, गर्भारपण, फेफरे यांची चौकशी आधीच करतो, आणि अशांच्या अंगावर वाडगा ठेवत नाही.

आजार बरे होतात असे मी कुणालाही सांगत नाही, तूही माझ्या नावाने सांगू नकोस. कॅलिफोर्नियात ६२ जणांवर झालेल्या एका अभ्यासात सत्रानंतर ताण आणि उदासी कमी झाल्याचे आढळले, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेवढा वेळ नुसते निजल्यानेही त्यातले काही झाले असेल. मला स्वतःला झोप बरी लागते, एवढे खरे.

पुढच्या महिन्यात पुण्याला येतो आहे. तुमच्या माळ्यावर आजीची काशाची वाटी असेल तर काढून ठेव, पण चिंचेने घासत बसू नकोस. आधी ती वाजवून पाहू.

तुझा,
वाडगेवाला