भिंतीवरची ओल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. परवा वर्गात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

माझा विषय तुला ठाऊक आहेच: घर, पाणी, काम, मिळकत यांचा तब्येतीवर होणारा परिणाम. मुलं परीक्षेत उत्तरं चोख लिहितात, पण एखाद्या रुग्णाची हकिगत पुढे ठेवली की त्यांचा पहिला शब्द ‘निष्काळजीपणा’. हे मला फार लागतं.

यंदा फळ्यावर नुसते दोन आकडे लिहिले: ५४ आणि ८२. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातलं गरीब काल्टन आणि शहराजवळचं सधन लेंझी, तिथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ च्या अहवालात दिलेलं. अठ्ठावीस वर्षांचा फरक! उत्तर लगेच आलं, “गरिबी, व्यसनं.”

मग मी लंडनच्या सरकारी नोकरांकडे वळलो. १९६७ मध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास. सगळे पगारदार, कुणीच उपाशी नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट. आणि फरक पायरीपायरीने वाढत गेलेला. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी तो पुरता उलगडत नाही. पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: आपल्या कामावर आपला ताबा जितका कमी, तितका हृदयविकाराचा धोका जास्त. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण इथे ‘ते गरीब, आपण वेगळे’ असं म्हणायची सोय उरत नाही.

वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने फळ्यावर एक खोली काढली. भावाची खाट, उशाशी भिंत, भिंतीवर ओलीचा काळा डाग. त्याला दमा आहे. डॉक्टर दर वेळी विचारतात, पंप वेळेवर घेतोस ना? घेतो तो. बुरशीने दमा उसळतो, पण भिंतीचं कुणी विचारलंच नाही. घरमालक म्हणतो, जमत नसेल तर खोली सोडा.

ती खडू ठेवत म्हणाली, “सर, मग डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय लिहायचं?”

मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. तू रोज रुग्ण तपासतोस. घराबद्दल विचारतोस का? काय विचारतोस, आणि कळल्यावर पुढे काय करतोस? सविस्तर लिही. पुढच्या तासाला तुझं पत्र वर्गात वाचून दाखवीन.

तुझाच,
जुना सोबती