जुन्या नकाशातील खाडीचे फाटे विसरू नयेत

महोदय,

वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत भारतीय सर्वेक्षण विभागाचा, एका इंचाला एक मैल या प्रमाणातला ठाणे खाडीचा जुना स्थलनिर्देशक नकाशा नुकताच सापडला. ७३ अंश पूर्व रेखावृत्त घणसोलीजवळून जात असल्याने आजच्या नवी मुंबईचा बराचसा भाग ४७ ए/१६ आणि ४७ ई/४ अशा दोन पत्रकांत विभागला गेला आहे. वडिलांनी ती खळीने जोडली होती आणि खाडीची रेघ जुळवताना केसभरही चूक केलेली नाही, हे मुलगा म्हणून नोंदवल्यावाचून राहवत नाही.

या नकाशात वाशीचा पूल नाही (तो १९७३ चा) आणि नवी मुंबई वसवणारी सिडकोही नाही (ती १९७० ची). आहेत ती गावे, मिठागरांचे चौकोन, भरतीचे खारे पाणी अडवणारे खारबंदिस्तीचे बांध, तिवरांची खाजणे आणि झाडाच्या मुळांसारखे आत आत शिरलेले खाडीचे फाटे. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दर ५० फुटांना असल्यामुळे पारसिकच्या डोंगराचा पायथा सोडला की पश्चिमेला पाण्यापर्यंत रेषा जवळजवळ दिसतच नाही. दोन-तीन फुटांच्या ज्या फरकावर भरतीचे पाणी आत येणार की बाहेर थांबणार हे ठरते, तो या रेषांतून कळत नाही. तो कळतो बांधांवरून, आणि जुनी गावठाणे कोठे वसली आहेत यावरून. आगरी-कोळी पूर्वजांनी घरे उंचवट्यावर बांधली आणि सखल जमीन शेतीला व मिठाला ठेवली.

आमची सोसायटी नेमकी अशाच एका फाट्यावर उभी आहे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की तळमजल्यावर पाणी शिरते, आणि दरवेळी खापर फुटते ते गटारातल्या प्लास्टिकवर. प्लास्टिक साचते हे खरेच, परंतु उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दारातून) खाडीला मिळणारी पाण्याची जुनी वाट भरावाखाली गेली, याची चर्चा मात्र होत नाही.

पावसाचे पाणी साठवून धरणाऱ्या धारण तलावांतील गाळ काढण्याचे आणि नालेसफाईचे आराखडे करताना हे जुने फाटे प्रत्येक प्रभागाच्या आजच्या नकाशावर निळ्या रेषेने दाखवावेत, आणि तो नकाशा प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर नागरिकांना पाहता येईल असा लावावा, अशी संबंधितांना विनंती आहे. आमच्याकडील प्रत त्यासाठी देण्यास मी तयार आहे. फक्त ती घडी न घालता परत मिळावी.

— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई