डिकीला काठी लावू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात सांगलीच्या राजवाडा चौकात शाळेची एक व्हॅन थांबली होती. मागचं दार वर, त्याला बांबूचा टेकू, आणि त्याखाली वाकून दोन लहान मुलं दप्तरं ओढत होती. मुलं बाजूला होईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता, कारण तसं दार पडलेलं मी पाहिलं आहे.

गावभागात माझा डब्यांचा व्यवसाय आहे. गाडी 2006 सालची, हॅचबॅक. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा ती सीटपर्यंत पाण्यात होती. नंतर इंजिन खोललं, वायरिंग बदललं. डिकीकडे मात्र कुणी पाहिलं नाही. तिच्या शॉकअपच्या, म्हणजे दार वर धरून ठेवणाऱ्या गॅसच्या नळ्यांच्या, चकचकीत दांड्यांवर गंजाचे बारीक ठिपके आले होते. दर उघडझापीला ते ठिपके आतलं रबरी सील खरवडत राहिले आणि आतला नायट्रोजन हळूहळू निघून गेला. दुपारी दार कसंबसं टिकायचं, थंडीतल्या पहाटे मात्र खाली यायचं, कारण थंडीने वायूचा दाब आणखी उतरतो. मी लाटण्याचा टेकू द्यायचे. एका जानेवारीत लाटणं निसटलं आणि दार माझ्या मदतनीस ताईंच्या मनगटावर आदळलं. हाड वाचलं, पण महिनाभर त्यांना पोळी लाटता आली नाही. ती चूक माझी होती, ताईंची नव्हे.

दार नीट लागतही नव्हतं, फट राहायची. एका गॅरेजने दार वाकलंय, दारासकट लॉक बदला, असं सांगितलं. मिरजेच्या एका वयस्कर मिस्त्रींनी आधी दार नीट पाहिलं. बिजागऱ्या हलवून बघितल्या, मग डब्याच्या बिलाची चिठ्ठी दारात धरून दार लावलं आणि ओढली. डावीकडे ती घट्ट अडकली, उजवीकडे अलगद निघून आली. चौकटीवरचा लॉकचा हूक सरकला होता, एवढंच. त्यांनी हुकाभोवती मार्करने रेघ मारली, बोल्ट जरासे सैल केले, हूक दोनेक मिलिमीटर सरकवला, पुन्हा चिठ्ठी. असं चारदा. शेवटी कडेचे रबरी गुटके फिरवून दाराचा खडखडाट घालवला. माधवनगर रस्त्याची धूळ आणि धुराचा वास डब्यांपर्यंत यायचा, तो त्याच दिवशी थांबला. ही फट साधी समजू नये. सायलेन्सरचा धूर तिथूनच आत ओढला जातो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

शॉकअप मात्र दोन्ही नवेच घालावे लागले. एकच बदलला तर दार एका अंगाला पिळतं. दार बंद असताना दांडा खाली राहील असेच ते बसवायचे, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. जुने शॉकअप तापवू नका, कापू नका. गॅस कमी झाला तरी आत दाब असतो.

गॅरेजवाल्या भावांना विनंती, नवा भाग सांगण्याआधी एकदा चिठ्ठी लावून बघा. आणि त्या व्हॅनच्या चालकदादांना सांगणं, शॉकअपची जोडी आणा आणि सकाळचे डबे गेले की गावभागात या. बसवेपर्यंत दार धरायला मी उभी राहते.

– एक डबेवाली, गावभाग, सांगली