सुकलेली कळलावी उपटू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कमी पाण्यावर तगणारी देशी झाडे बागेत लावावीत, असा आग्रह अलीकडे सातत्याने धरला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र असे झाड बारा महिने हिरवे दिसले पाहिजे, ही अपेक्षा त्या आग्रहात बसत नाही. पावसाळ्यात कुंपणावर आणि झुडपांवर चढून फुलणारी आपली रानातली कळलावी बागेत टिकत नाही, त्याचे मोठे कारण हीच अपेक्षा आहे.

कळलावी बहुवर्षायू आहे, पण तिचे वर्षानुवर्षे जगणे जमिनीखालच्या कंदात चालते. पाऊस सरल्यावर वेल पिवळा पडतो, वाळतो आणि पुढच्या पावसापर्यंत वर काहीही उरत नाही. दुष्काळ सोसण्याची तिची रीत हीच आहे. वेल पिवळा पडताना पाहून अनेकजण पाणी वाढवतात आणि त्याने निद्रिस्त कंद कुजतो; काहीजण वेल मेला असे समजून वाफा खणतात किंवा कुंडीत दुसरे रोप लावतात. खरे तर त्या काळात पाणी पूर्ण बंद करावे, जागेवर खूण म्हणून काठी रोवावी आणि माती कोरडीच राहू द्यावी.

लागवडीला फार खटाटोप लागत नाही. पाण्याचा निचरा होणारी जमीन मात्र हवीच, कारण ही वनस्पती कोरडेपणापेक्षा साचलेल्या पाण्याने लवकर मरते. कंद दोन-तीन इंच खोल आडवा ठेवावा आणि त्याचे टोक जपावे, कारण कोंब तिथूनच फुटतो. पानांची टोके लांबून वळतात व त्यांच्याच आधाराने वेल चढतो. त्यामुळे सपाट भिंत उपयोगाची नाही, बारीक फांद्या किंवा जाळी लागते. फूल उमलते तेव्हा त्याच्या सहाही नागमोडी कडांच्या पाकळ्या मागे वळून वर जातात. आरंभी हिरवट-पिवळा असलेला रंग नारिंगी होत गडद लाल होतो, आणि फुले एकामागून एक उमलत असल्याने हे सारे रंग एकाच वेलावर एकाच वेळी पाहायला मिळतात. इतके देखणे फूल आपल्या रानात असताना परदेशी वेलींना रोज पाणी घालण्याचा अट्टहास मला पटत नाही.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. कळलावीच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते आणि कंदात त्याचा धोका विशेष असतो. खाण्याचा कंद समजून हा कंद खाल्ल्याने प्राणघातक विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. लहान मुले किंवा गुरे जिथे पोहोचतात तिथे ती लावू नये, कंद हातमोजे घालूनच हाताळावा आणि घरगुती औषध म्हणून तिचा वापर कदापि करू नये.

औषधासाठी रानातले कंद मोठ्या प्रमाणावर खणले गेल्याने अनेक ठिकाणी कळलावी विरळ झाली आहे, म्हणून बागेसाठीही रानातला कंद आणणे गैर आहे. बियांपासून रोप करता येते, मात्र फुलासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते. ज्यांच्याकडे वेल आहे त्यांना सोपा मार्ग आहे: जुना कंद दरवर्षी झिजतो आणि त्याच्या जागी दोन फाट्यांचा नवा कंद तयार होतो. वेल सुकल्यावर हे फाटे हलक्या हाताने वेगळे केले आणि दोन्हींची टोके शाबूत राहिली, तर एकाच्या दोन वेली होतात.

आपल्या दैनिकातील बागकामविषयक लेखनात देशी झाडांची केवळ नावे न देता प्रत्येकाच्या सुप्तावस्थेचा काळ आणि त्या काळात पाणी किती द्यावे किंवा मुळीच देऊ नये, हेही छापावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक बागप्रेमी वाचक